मशिदीची गरज आणि मशिदीचा वेष



आधुनिक मशिदीचे वास्तुशिल्प हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. मी वास्तुविशारद नाही, त्याचप्रमाणे धर्मशास्त्राचा अभ्यासकही नाही. वास्तुकलेवरील लेखन मराठीत आणण्याच्या निमित्ताने या विषयाशी माझा संबंध आला. भाषांतराचे काम करणाऱ्याला शब्दापाशी थांबून त्याच्या आत काय आहे ते पाहावे लागते. 'मशीद' हा शब्द आपण वाचला की आपल्या डोळ्यांपुढे घुमट उभा राहतो, त्याच्या बाजूंना मिनार उभे राहतात. परंतु ज्या अरबी शब्दापासून तो आपल्याकडे आला, त्याचा अर्थ एवढाच आहे की, सजदा करण्याची, म्हणजे कपाळ भूमीला टेकवण्याची जागा. त्या शब्दात घुमट नाही आणि मिनारही नाही. आज मी जे सांगणार आहे, ते या दोहोंमधील अंतराविषयी आहे.

इ. स. ६२२ मध्ये पैगंबर मदिनेस आले आणि तेथे त्यांच्या घराच्या अंगणात सामुदायिक प्रार्थना होऊ लागली. कच्च्या विटांच्या भिंती, खजुराच्या खोडांचे खांब आणि वर झावळ्यांचे छप्पर, असे त्या वास्तूचे स्वरूप होते. अजान देण्यासाठी बिलाल उंच छपरावर चढत असत. त्यासाठी वेगळा मनोरा नव्हता. प्रार्थनेची दिशा दाखविणारा भिंतीतील कोनाडा, ज्याला आपण मेहराब म्हणतो, तोही पुढे आठव्या शतकाच्या आरंभी त्या मशिदीची पुनर्बांधणी झाली तेव्हा आला. घुमट हा रोमन, बायझंटाइन आणि सासानी वास्तुपरंपरांकडून आला. कॉन्स्टँटिनोपलमधील हागिया सोफिया हे ख्रिस्ती प्रार्थनामंदिर इ. स. ५३७ मध्ये पूर्ण झाले होते. १४५३ मध्ये ते शहर जिंकल्यानंतर उस्मानी तुर्कांनी त्या घुमटाचा इतका ध्यास घेतला की, पुढील शतकात सिनान या थोर वास्तुशिल्पीने एदिर्ने येथे सेलिमिये मशीद उभारून त्या ध्यासाची परिसीमा गाठली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. सिनानच्या काळी घुमट हा निव्वळ अलंकार नव्हता. नमाज रांगांनी पढला जातो. रांग किब्ल्याच्या, म्हणजे मक्केच्या दिशेच्या भिंतीला समांतर असते, लोक खांद्याला खांदा लावून उभे राहतात, आणि रांग मध्येच खांबाने तुटली तर ते कोणालाच रुचत नाही. म्हणून मोठ्या जनसमुदायाला एका छताखाली, खांबांचा अडथळा न येता, सामावून घेण्याचा प्रश्न होता आणि त्या काळी दगडा-विटांत त्याचे सर्वोत्तम उत्तर घुमट हे होते. ते त्या युगातील सर्वांत धाडसी तंत्र होते असे म्हणावयास हरकत नाही. मिनाराचेही तसेच. आवाज दूरवर पोचावा, आणि दूरच्या वाटसरूला वस्ती कोठे आहे ते कळावे, यासाठी तो उपयोगी पडे. विसाव्या शतकात काँक्रीट आले, पोलादी सळया आल्या, ध्वनिवर्धक आला. प्रशस्त जागेवर छत घालण्यास घुमटाची आवश्यकता उरली नाही. आवाज पोचविण्यास मिनाराची उरली नाही. गरज संपली, आणि वेष तेवढा राहिला.

'वेष' हा शब्द मी येथे हलक्या अर्थाने वापरीत नाही. माणसाला वेषाचीही गरज असते. आपले घर, आपले देऊळ, आपली मशीद ओळखीची दिसावी असे वाटण्यात गैर काही नाही. अडचण उपस्थित होते ती निराळ्याच ठिकाणी. ओळखीचे दिसावे म्हणून किती खर्च करावयाचा, आणि ज्या नव्या शक्यता हातात आल्या आहेत त्यांकडे किती काळ पाठ फिरवावयाची? आणि हे ठरवावयाचे कोणी? तुर्कस्तानात या प्रश्नावरून जे घडले, ते थोडे विस्ताराने सांगण्यासारखे आहे.

अंकारा ही तुर्की प्रजासत्ताकाची नवी राजधानी. तेथील कोजातेपे या टेकडीवर एक भव्य मशीद बांधण्याचे ठरले आणि १९५७ मध्ये त्यासाठी स्पर्धा झाली. वेदात दालोकाय आणि नेजात तेकेलिओलू या दोघांचा आराखडा प्रथम आला. दालोकाय त्या वेळी तिशीत होते. त्यांनी घुमट टाकून दिला नव्हता. काँक्रीटचे एक पातळ कवच, ताणलेल्या कापडासारखे, केवळ चार टोकांशी जमिनीला टेकलेले, आणि चार कोपऱ्यांना बाणासारखे सडपातळ मिनार, अशी ती कल्पना होती. म्हणजे सिनानने आपल्या काळच्या साधनांनी जे केले, तेच या काळच्या साधनांनी करण्याचा तो प्रयत्न होता. बांधकामास आरंभ झाला, पाया घालून झाला. परंतु आराखडा फार नवा आहे, हे मशिदीसारखे दिसत नाही, असा विरोध वाढत गेला. कवच टिकेल की नाही याविषयीही शंका काढण्यात आल्या. शेवटी काम थांबले आणि घातलेला पाया उद्ध्वस्त करण्यात आला. १९६७ मध्ये नवी स्पर्धा झाली. त्यात ह्युस्रेव ताय्ला आणि फातिन उलुएंगिन यांची योजना निवडण्यात आली. सोळाव्या-सतराव्या शतकांतील इस्तंबूलच्या मशिदींच्या धर्तीवर एक मध्य घुमट, त्याभोवती अर्धघुमट आणि चार उंच मिनार, असे तिचे रूप आहे. १९८७ मध्ये ती खुली झाली. आज अंकाऱ्याच्या बऱ्याच भागांतून ती दिसते.

गमतीची गोष्ट अशी की, या जुन्या वळणाच्या मशिदीच्या खाली वाहनतळ आणि विशाल बाजार आहे. सोळाव्या शतकाचा देखावा वर आणि विसावे शतक तळघरात! मशिदीच्या सोबतीने दुकाने असणे ही उस्मानी परंपराच आहे, हे मान्य केले पाहिजे. इस्तंबूलच्या जुन्या मशिदींच्या खर्चाची तरतूद अशा बाजारांच्या भाड्यातूनच होत असे. म्हणून मला त्या बाजाराचे वावडे नाही. खटकते ते इतकेच की, घुमट काँक्रीटचाच आहे आणि त्याला आपण दगडी चिऱ्यांचे आहोत असे भासवावे लागते.

दालोकाय यांची कहाणी मात्र तेथे संपली नाही. पाकिस्तानच्या नव्या राजधानीत, इस्लामाबादेत, राष्ट्रीय मशीद बांधण्याचे ठरले. सौदी अरेबियाचे राजे फैजल यांनी १९६६ च्या भेटीत त्या कल्पनेला पाठिंबा दिला होता. १९६९ मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. १७ देशांतून ४३ आराखडे आले आणि त्यांतून दालोकाय यांचा निवडला गेला. अंकाऱ्यात ज्याला आपल्या गावी नकार मिळाला, त्याच कल्पनेचा विकास येथे दिसतो. फरक एवढा की, आता घुमटही उरला नाही. मरगल्ला टेकड्यांच्या पायथ्याशी वाळवंटातील राहुटीसारखी, आठ उतरत्या बाजूंची काँक्रीटची वास्तू, आत एकही खांब नाही, आणि चार कोपऱ्यांना तुर्की धाटणीचे पेन्सिलीसारखे मिनार. बांधकाम १९७६ मध्ये सुरू झाले आणि १९८६ मध्ये पूर्णत्वास गेले. घुमट नाही म्हणून तेथेही आरंभी टीका झाली. पण मागच्या डोंगररांगेशी त्या राहुटीच्या रेषा अशा काही जुळल्या की, आज इस्लामाबादचे चित्र छापावयाचे झाले तर हीच मशीद छापली जाते. जे 'मशिदीसारखे दिसत नाही' म्हणून नाकारले गेले होते, ते एका पिढीत मशिदीचे, किंबहुना एका देशाचे, चिन्ह होऊन बसले. परंपरा नावाची गोष्ट किती वेगाने तयार होते, याचे हे उदाहरण होय. दालोकाय यांना स्वतःला अंकाऱ्याने अगदीच टाकले असे नाही. १९७३ ते १९७७ या काळात ते त्याच शहराचे महापौर होते. त्यांची मशीद मात्र त्या टेकडीवर झाली नाही.

याच अंकाऱ्यात, तुर्की संसदेच्या आवारात, १९८९ मध्ये एक लहान मशीद पूर्ण झाली. बेहरूझ चिनिजी आणि त्यांचे पुत्र जान चिनिजी हे तिचे वास्तुविशारद. तिला घुमट नाही, त्या जागी पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेले छत आहे. मिनाराचा केवळ उल्लेख केल्यासारखा एक सज्जा आणि त्यालगत एक सुरूचे झाड. या सर्वांहून धाडसाची गोष्ट म्हणजे किब्ल्याची भिंत. जी भिंत सर्वत्र भरीव असते, ती येथे काचेची आहे आणि तिच्यापलीकडे खोलगट बाग व पाण्याचे कुंड आहे. नमाज पढणाऱ्याची दृष्टी हिरवळीवर आणि पाण्यावर पडते. चित्त विचलित होणार नाही काय, असा प्रश्न विचारला गेलाच. पण बाग म्हणजे स्वर्गाची खूण, असे मानणाऱ्या संस्कृतीत या भिंतीला उत्तर देणे कठीण नाही. या मशिदीला १९९५ साली आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. तत्पूर्वी, १९८३ मध्ये, बोस्नियातील विसोको गावच्या पांढऱ्या मशिदीला तोच पुरस्कार मिळाला होता. झ्लात्को उग्ल्येन यांनी ती १९८० मध्ये पूर्ण केली. पांढऱ्या भिंती, तिरपे कापलेले छत आणि त्यातील झरोक्यांतून उतरणारा उजेड यांखेरीज तिच्यात फारसे काही नाही, आणि गावच्या लोकांनी ती आपली म्हणून वापरली. त्या दोहोंविषयी पुष्कळ बोलता येईल. परंतु मला ज्या वास्तूपाशी अधिक वेळ थांबावयाचे आहे ती आपल्या अधिक जवळची आहे. ती ढाक्यात आहे.

बंगालकडे वळताना तेथील भूमीचा विचार प्रथम करावा लागतो. ती नद्यांच्या गाळाची भूमी आहे. तेथे दगड नाही. म्हणून जे काही टिकाऊ बांधावयाचे, ते भाजलेल्या विटेत. पाऊस अतोनात, म्हणून बांबूच्या झोपडीचे छप्पर धनुष्यासारखे वाकविलेले असते, आणि तोच बाक सुलतानी काळातील मशिदींच्या विटांच्या छज्ज्याला आला. बागेरहाटची साठ गुंबद मशीद पंधराव्या शतकातील. नाव साठांचे, पण छतावरील घुमट मोजले तर ७७ भरतात. खांब मात्र ६० आहेत. त्या मशिदी बुटक्या, जाड भिंतींच्या, आणि बहुतेकांना मिनार नाहीत. मिनाराशिवाय मशीद कशी, असे आज जो विचारील त्याला बंगालच्या खेड्यापाड्यांत पाचशे वर्षांपूर्वीचे उत्तर उभे असलेले आढळेल. तसेच अंगण हवेच, असेही नाही. आपल्या शेजारी कलबुर्गीच्या किल्ल्यातील जामी मशीद, बहमनी काळातील, १३६७ ची. तिला अंगणच नाही, सारी मशीद छताखाली आहे. प्रयोग करण्याची मुभा जुन्यांनी स्वतःला मुक्तपणे घेतली होती.

ढाक्यात आधुनिक वास्तुकलेचा पाया मझहरुल इस्लाम यांनी घातला. त्यांच्याच आग्रहाने अमेरिकन वास्तुशिल्पी लुई कान यांना तेथे संसदभवनाचे काम मिळाले. ते १९८२ मध्ये पूर्ण झाले. कान १९७४ मध्येच निवर्तले होते. त्या अवाढव्य, कमळासारख्या सममित रचनेत एकच अवयव जरासा वळलेला आहे, आणि तो म्हणजे प्रार्थनागृह. साऱ्या इमारतीचा अक्ष ज्या दिशेला आहे ती मक्केची दिशा नव्हे. म्हणून कान यांनी प्रार्थनागृह अक्षापासून किंचित फिरविले. हीच युक्ती इस्फहानच्या शाही मशिदीत सतराव्या शतकात केलेली आढळते. तेथे दरवाजा मैदानाकडे तोंड करून उभा आहे, आणि आत शिरल्यावर वाट आपल्याला न कळत वळवून किब्ल्याकडे नेते. शहराची दिशा एक आणि प्रार्थनेची दिशा दुसरी. मशीद बांधणाऱ्याला या दोन दिशांचा मेळ घालावाच लागतो. त्याची ही सर्वांत जुनी अडचण आहे, आणि मला वाटते, सर्वांत फलदायीही.

आता बैतुर रौफ मशिदीकडे येऊ. ढाक्याच्या उत्तर भागात, उत्तरा परिसरातील फैदाबाद येथे ती आहे. दाट, घाईने वाढलेली वस्ती. मरिना तबस्सुम या तिच्या वास्तुविशारद. त्यांच्या आजीने आपल्या जमिनीचा एक तुकडा मशिदीसाठी दिला आणि आराखड्याचे काम नातीवर सोपविले. २००६ मध्ये आजीचे निधन झाले. त्यानंतर वर्गणी जमविणे, आराखडा करणे आणि बांधकाम करून घेणे ही सारी कामे नातीकडे आली. वास्तू २०१२ मध्ये पूर्ण झाली आणि २०१६ मध्ये तिला आगाखान पुरस्कार मिळाला. वर्गणीतून बांधकाम म्हणजे काय, हे आपल्याकडे गावोगावी देवळांचे जीर्णोद्धार पाहिलेल्यांना सांगावयास नको. पैसा येईल तसे काम पुढे सरकते. महाग वस्तू वापरण्याचा प्रश्न येत नाही. म्हणून येथे वीट आहे, काँक्रीट आहे, आणि तिसरी सामग्री फुकट मिळणारी, म्हणजे सूर्यप्रकाश.

जमिनीचा आकार वेडावाकडा होता आणि तिच्या कडा किब्ल्याशी १३ अंशांचा कोन करीत होत्या. भारतात किंवा बंगालमध्ये आपण सहज म्हणतो की, मक्का पश्चिमेस. प्रत्यक्षात ढाक्याहून ती पश्चिमेच्या थोडी उत्तरेला पडते, आणि रस्ते, प्लॉट, शेजारची घरे तर कोणत्याच दिशेचा मुलाहिजा ठेवीत नाहीत. अशा वेळी सर्वसामान्य उपाय असा की, इमारत प्लॉटच्या कडांशी समांतर बांधावयाची आणि आत जमिनीवर तिरप्या रेषा आखून चटया तिरप्या अंथरावयाच्या. नमाज होतो, पण कोपऱ्यांत त्रिकोण वाया जातात आणि रांगेतील माणसाला भिंत एकीकडे व आपण दुसरीकडे असे सारखे जाणवत राहते. दुसरा उपाय म्हणजे सारी इमारतच फिरविणे. मग रस्त्याच्या बाजूला तेच त्रिकोण बाहेर पडतात.

तबस्सुम यांनी काय केले ते कागदावर काढून पाहावे. बाहेर एक चौरस आहे, तो जमिनीच्या दिशेत. त्या चौरसात एक वर्तुळ. वर्तुळाला दिशा नसते, हे येथे महत्त्वाचे. वर्तुळाच्या आत दुसरा चौरस, तो प्रार्थनागृहाचा, आणि तो १३ अंश फिरवून किब्ल्याशी सरळ केलेला. वर्तुळ मध्ये असल्यामुळे दोन चौरसांचे आपापसांत भांडण होत नाही; आतला चौरस फिरला तरी बाहेरच्याला त्याची झळ लागत नाही. वर्तुळ आणि आतला चौरस यांच्यामध्ये चारही बाजूंना धनुष्याच्या आकाराचे मोकळे तुकडे उरले. ते आकाशाला उघडे ठेवले आहेत. त्यांतून उजेड उतरतो, हवा खेळते आणि पावसाळ्यात पाऊसही पडतो. शिवाय ते वर्तुळ बाहेरच्या चौरसाच्या अगदी मध्यभागी न ठेवता एका कोपऱ्याकडे सरकविले आहे. त्यामुळे दुसऱ्या दोन बाजूंना अधिक रुंद जागा मिळाली आणि तेथे खांबांची ओसरी व वजूची, म्हणजे हातपाय धुण्याची, जागा बसविता आली. दिशेची जी अडचण होती, तिच्यातूनच उजेड, वारा आणि ओसरी ही तिन्ही निघाली. वास्तुकलेत याहून समाधानकारक गोष्ट मला ठाऊक नाही.

प्रार्थनागृहाचे छत आठ खांबांवर उभे आहे आणि ते खांब कडेला आहेत, त्यामुळे रांग तुटत नाही. बाहेरच्या भिंती विटांच्या. काही ठिकाणी विटांमध्ये अंतर ठेवून जाळी केली आहे. मेहराबीचा नेहमीचा नक्षीदार कोनाडा येथे नाही. किब्ल्याकडील विटांच्या भिंतीत एक उभी फट ठेवली आहे, तिच्यातून येणारी प्रकाशाची रेषा दिशा सांगते. ती फट सरळ नसून अशी सरकविली आहे की, उजेड आत यावा, पण रस्त्याने जाणारा-येणारा दिसू नये आणि लक्ष विचलित होऊ नये. अंकाऱ्याच्या संसदेतील मशिदीने भिंत काचेची करून बाग दाखविली, कारण तेथे बाग होती. फैदाबादेत बागेच्या जागी गल्ली आहे. म्हणून येथे केवळ उजेड घेतला, दृश्य बाहेर ठेवले. दोन्ही निर्णय आपापल्या ठिकाणी योग्य आहेत, आणि एकाचे अनुकरण दुसऱ्याने केले असते तर ते फसले असते.

छताला गोल छिद्रे आहेत, क्रम न ठेवता विखुरलेली. त्यांतून ऊन आत पडते आणि जमिनीवर लहान लहान वर्तुळे उमटतात. दिवस चढतो तशी ती सरकतात. येथे भाषांतरकार म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. इंग्रजी लेखांत या वर्तुळांचे वर्णन करण्यास लेखकांना चार चार शब्द वेचावे लागतात. मराठीत त्याला एक शब्द आधीच आहे : कवडसा. कौलांच्या फटीतून माजघरात उतरणारा तो उन्हाचा तुकडा, जो आजीच्या काळी घड्याळाचेही काम करी. नमाजाच्या वेळा सूर्याच्या स्थितीवरून ठरतात, हे लक्षात घेतले म्हणजे मशिदीच्या जमिनीवरून सरकणारा कवडसा केवळ शोभेचा नाही हे पटेल. तीच गोष्ट जोत्याची. ही मशीद उंच जोत्यावर बांधली आहे, कारण त्या भागात भूजल उथळ आहे आणि पाणी तुंबण्याचे भय आहे. पण जोते उंच झाले की त्याची कड बसण्यास सोयीची होते. नमाजाच्या वेळांखेरीज वृद्ध माणसे तेथे गप्पा मारीत बसतात, मुले खेळतात. गावातील पाराभोवतीचा कट्टा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या जोत्याचा उपयोग वेगळा समजावून द्यावा लागणार नाही.

घुमट नाही, मिनार नाही. मग रस्त्यावरून जाणाऱ्याला ही मशीद आहे हे कळावे कसे? हा आक्षेप घेतला जातो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ज्या वस्तीत ही वास्तू आहे, तेथे सर्वांना ती ठाऊक आहे, असे त्याचे एक उत्तर आहे. मोहल्ल्याच्या मशिदीला दुरून दिसण्याची गरज नसते, ती गरज राजधानीच्या मशिदीला असते. मला हे उत्तर पुरेसे वाटते. इस्लामाबादची राहुटी डोंगराशी बोलते, कोजातेपेचे मिनार साऱ्या शहराशी बोलतात. फैदाबादच्या मशिदीला समोरच्या गल्लीशी बोलावयाचे आहे. त्या गल्लीशी बोलण्यास विटेचे जोते अधिक उपयोगी पडते.

दुसरा आक्षेप मला स्वतःला अधिक महत्त्वाचा वाटतो. पुरस्कारप्राप्त वास्तूंची छायाचित्रे रिकाम्या सभागृहाची असतात. पंखे, चटया, चपलांची फळी, ध्वनिवर्धकाची तार, भिंतीवरचे वेळापत्रक यांतील काहीच त्यांत दिसत नाही. मशीद हे वस्तुसंग्रहालय नव्हे. शुक्रवारी दुपारी माणसे दाटीवाटीने उभी राहिली असताना वारा कसा वाहतो, यावर तिची परीक्षा व्हावयास हवी. या कसोटीला नव्या मशिदींपैकी किती उतरतात, हे पाहणे पुरस्काराच्या यादीपेक्षा अधिक बोधप्रद ठरेल. तबस्सुम यांच्या पुढील कामाकडे पाहता, त्यांना ही कसोटी मान्य असावी. २०२५ मध्ये त्यांना आगाखान पुरस्कार पुन्हा मिळाला, तो नदीकाठच्या पूरग्रस्त लोकांसाठी केलेल्या, उचलून दुसरीकडे नेता येईल अशा बांबूच्या घराला. त्याचे नाव 'खुदी बाडी', म्हणजे चिमुकले घर.

आणि या सर्वांत एक प्रश्न असा आहे, ज्याला घुमटाशी किंवा मिनाराशी कर्तव्य नाही. रांगेत स्त्रिया कोठे उभ्या राहावयाच्या? पुष्कळ ठिकाणी त्यांच्यासाठी तळघरात, मागच्या खोलीत किंवा पडद्याआड जागा दिली जाते; कित्येक मशिदींत ती दिलीच जात नाही. इमाम दिसत नाही, मेहराब दिसत नाही, आवाज तेवढा ऐकू येतो. आधुनिक म्हणविणाऱ्या वास्तूंतही हा भाग बहुधा आराखड्याच्या अखेरीस, उरलेल्या जागेत बसविलेला असतो. म्हणून इस्तंबूलच्या उस्कुदार भागातील, काराजाअहमद दफनभूमीच्या कडेला २००९ मध्ये खुल्या झालेल्या शाकिरीन मशिदीचा उल्लेख करावासा वाटतो. तिचा बाह्याकार एका मोठ्या घुमटाचा आहे, पण तो घुमट भिंतींवर चढविलेला नाही. तो कवचासारखा खाली उतरून जमिनीजवळ येतो, आणि कमानींखालच्या भागात काचेचे पडदे आहेत. अंकाऱ्यात दालोकाय यांना जे करावयाचे होते, त्याची आठवण व्हावी असाच हा आकार आहे. आणि तो आराखडा कोणाचा? ह्युस्रेव ताय्ला यांचा, म्हणजे कोजातेपेवर जुन्या वळणाचे घुमट चढविणाऱ्या दोघांपैकी एकाचा. वास्तुशिल्पी बदलतात, आणि त्यांना काम देणारेही बदलतात.

या मशिदीचे अंतरंग झेनेप फादिल्लिओलू या स्त्री-वास्तुसजावटकाराने सिद्ध केले. तुर्कस्तानात एखाद्या स्त्रीकडे मशिदीच्या अंतरंगाचे काम सोपविले जाण्याचा तो पहिलाच प्रसंग मानला जातो. त्यांनी स्त्रियांसाठी जो वरचा सज्जा केला, त्याला फार महत्त्व दिले. तो रुंद आहे, उजेडाचा आहे, आणि घुमटाखाली टांगलेले काचेच्या थेंबांचे झुंबर तेथून सर्वांत चांगले दिसते. खाली समोर मेहराब आहे. तीही त्या सज्ज्यातून, मध्ये काही आड न येता, दिसते.